तिसऱ्या मजल्यावरचे डबे

घरी बसून चार पैसे मिळवणे आपल्या बायांना नवे नाही. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बाया सूप मांडीवर घेऊन घराच्या उंबऱ्यातच बसत. मालेगाव-भिवंडीकडे भिंतीच्या एका बाजूला यंत्रमाग आणि दुसऱ्या बाजूला चूल, अशी घरे कितीतरी. माझी अम्मी गल्लीतल्या बायांचे परकर-झंपर शिवायची. मशीन ओट्यावर आणि गिऱ्हाईक पायरीवर. तिच्या त्या कामाला कुणी ‘व्यवसाय’ म्हटले नाही आणि कुणी हरकतही घेतली नाही. गल्लीत प्रत्येकाच्या दारात काही ना काही चाललेलेच असे.

लिज्जत पापडाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेतले आणि राहत्या इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्या इमारतीने दुसऱ्याच आठवड्यात विशेष सर्वसाधारण सभा बोलावली असती तर काय झाले असते, हा विचार मला गेल्या वर्षी बरेचदा आला. कारण आमच्याकडे तशी सभा झाली.

आम्ही पुण्यात कोंढव्याला राहतो. पाच मजले, ४० सदनिका, एक लिफ्ट. उन्हाळ्यात दिवसाआड टँकर. बहुतेक घरे आपली, सहा-सात घरे हिंदू आणि एक ख्रिस्ती कुटुंब. पहिल्या मजल्यावर एक करसल्लागार राहतात, त्यांच्या दारावर पितळी पाटी आहे आणि जुलै महिन्यात जिन्यात रांग असते. दुसऱ्या मजल्यावर आमच्या समोरच्या आपा मुलांना अरबी-उर्दू शिकवतात, संध्याकाळी त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडतो. पाचव्यावर एक मुलगी बुरखे आणि ब्लाउज शिवते. दोन-तीन घरांतली मुले कोरोनापासून घरूनच कंपनीचे काम करतात. त्यांच्या कामाला घरचा धंदा म्हणायचे कुणाच्या मनातही येत नाही, कारण ते लॅपटॉपवर होते आणि त्याला वास येत नाही.

वास यायचा तो तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे थेट माझ्या डोक्यावरून.

तिसऱ्या मजल्यावरच्या भाभींचे मिस्टर अकरा वर्षे कुवेतला होते. २०२० मध्ये नोकरी गेली आणि ते परत आले. त्यानंतर शुगरने पायाला जखम झाली, ती लवकर भरेना. आता ते कुणाची तरी गाडी चालवतात, पण रोज नाही. भाभींनी जवळच्या कॉलेजच्या सहा मुलांचे डबे सुरू केले. हाताला चव आहे. सहाचे वीस झाले आणि वीसचे पंचेचाळीस. रमजानमध्ये वसतिगृहातल्या मुलांना सहरीचे डबेही जायला लागले. दोन्ही मुलींची फी त्यातून निघते हे सगळ्या इमारतीला माहीत होते. भाभी कुणापुढे रडल्या नाहीत, पण सोसायटीत काही लपून राहते का?

आता माझी बाजू. पहाटे साडेचारला माझ्या झोपायच्या खोलीवर पाट घासल्याचा आवाज, मग मिक्सर. साडेदहाला फोडणी. आमच्या यांना दमा आहे, लाल मिरचीची फोडणी बसली की खिडक्या बंद कराव्या लागतात. हे मी भाभींना सांगितले होते. त्यांनी मिक्सरखाली जाड गोधडी घातली, मिरचीची फोडणी आमची खिडकी उघडायच्या आधी उरकायला लागल्या. एवढ्यावर आमचे भागले होते. दोन घरांमधले दोन घरांतच मिटले.

बाकीच्यांचे तसे नव्हते. मार्चमध्ये सांडपाण्याची लाइन तुंबली. प्लंबरने पाइपातून जो पांढरा गोळा काढला तो मी स्वतः पाहिला आहे. थिजलेले तेल, साबणासारखे घट्ट. खर्च सगळ्यांत वाटून आला. चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या पत्नीचे हृदयाचे ऑपरेशन झालेले, त्या दवाखान्यातून आल्या तेव्हा लिफ्ट तिसऱ्यावर दाराला डब्यांची पिशवी लावून अडकवलेली. डबे न्यायला येणारी पोरे चुकीच्या दाराची बेल वाजवत, त्यात एक बेल दुपारी झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या घरची. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट सिलिंडरची. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरवर विकायचा स्वयंपाक करणे नियमात बसत नाही, त्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. भाभी घरगुतीच वापरत होत्या, आणि एका वेळी चार सिलिंडर गॅलरीत उभे असलेले लोकांनी मोजले होते.

एप्रिलमध्ये फलकावर कागद लागला. ‘निवासी सदनिकेत कोणताही व्यवसाय करण्यास सक्त मनाई करण्याचा ठराव’ हा सभेचा एकच विषय.

रविवारी मगरिबनंतर पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. एरवी कोरम भरत नाही. त्या दिवशी भाडेकरूसुद्धा मागे उभे होते. सुरुवातीलाच एकाने विचारले, ही वस्ती आहे की बाजार? त्यावर दुसरा म्हणाला, मग आधी पहिल्या मजल्यावरची पितळी पाटी काढा. करसल्लागार लाल झाले. मग बोलणे दीनवर आले. एक साहेब म्हणाले, कष्टाच्या हलाल कमाईवर, आपल्याच बहिणीच्या पोटावर पाय देता? लगेच दुसऱ्याने शेजाऱ्याचे हक्क सांगायला सुरुवात केली. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि दोघांनाही आपापल्या सोयीपुरतेच आठवले होते. तिथे बसलेल्या हिंदू शेजाऱ्यांची पंचाईत झाली. आपण बोलावे की नाही हे त्यांना कळेना.

ती कोंडी चौथ्या मजल्यावरच्या काकांनीच फोडली. ते सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, ठरावाच्या बाजूचे, पण कागद वाचल्याशिवाय बोलायचे नाही ही नोकरीतली सवय. त्यांनी राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतले पान छापून आणले होते. सरसकट बंदी त्यांना हवी होती, पण पान तसे म्हणत नव्हते आणि ते त्यांनी लपवले नाही, हे मला आवडले. निवासी भागात ‘घरगुती व्यवसाय’ चालतो. शिवण, भरतकाम अशी नावेच त्यात आहेत. अटी अशा: घरात राहणाऱ्यानेच तो करायचा, पगारी मजूर लावायचा नाही, बाहेरून पाटी किंवा काही प्रदर्शन दिसता कामा नये, घरात तयार झालेल्याच वस्तू विकायच्या, घरगुती वापराचीच यंत्रे, आणि इमारतीच्या सुरक्षिततेला धोका नको. शिवाय लोकांना खाऊ-पिऊ घालणारे ठिकाण चालवता येत नाही.

या शेवटच्या अटीवर पाऊण तास गेला. डबा म्हणजे खानावळ का? काका म्हणाले, खाद्यपदार्थ विकतात म्हणजे खानावळच. पाचव्यावरची शिवणवाली मुलगी म्हणाली, काका, खानावळीत लोक येऊन बसतात, इथे कोण बसते? ते पोर तर आत पाऊलही ठेवत नाही. मला तिचे पटले. नियम करणाऱ्याला भीती असते ती गर्दीची, टेबलांची, येणाऱ्या-जाणाऱ्यांची. बंद डबा दारातून बाहेर जातो, त्यात ते काही नाही. पण काकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असेही नाही. पंचेचाळीसचे उद्या दीडशे झाले तर ते घर राहत नाही, कारखाना होतो, आणि हे नेमके कोणत्या आकड्याला घडते ते कुठल्याच नियमात लिहिलेले नाही. ते शेजाऱ्यांनाच ठरवावे लागते.

पगारी मजुराच्या अटीवर मात्र कुणी फारसे बोलले नाही आणि मला तीच खटकली. भाभींकडे जवळच्या वस्तीतली एक मुलगी कांदे-लसूण निवडायला, भांडी घासायला येत होती. तिला महिन्याला पगार होता. नियमाने ते चूक. म्हणजे सासू, सून, लेक यांनी फुकट हात लावला तर तो घरगुती व्यवसाय, आणि त्याच हातांना पैसे दिले की तो घरगुती राहत नाही. गर्दी होऊ नये म्हणून ही अट असेल, मी समजू शकते. पण घरच्या बाईचे श्रम फुकटचे असतात हे गृहीत धरल्याशिवाय असे वाक्य लिहिताच येत नाही. हे मी सभेत बोलले. दोन बायांनी माना हलवल्या, पुरुषांनी घड्याळे पाहिली.

चहा झाल्यावर भाभी उठल्या. तोवर त्या मुलीला मांडीवर घेऊन गप्प बसून होत्या. म्हणाल्या, “पाइपाचा खर्च माझ्या नावावर लावा. लिफ्टचं चुकलं, काकूंची मी माफी मागितली आहे. पण सगळं बंद करा म्हणत असाल तर एवढंच सांगा, उद्यापासून मी काय करू?” चेअरमनसाहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या प्रश्नाला ठरावाच्या मसुद्यात जागा नव्हती.

मी समितीवर आहे म्हणून मला बोलायला लावले. मी बंदीच्या ठरावाऐवजी अटींचा ठराव मांडला. पहाटे सहाच्या आत मिक्सर नाही. सिंकखाली तेल अडवणारा सापळा, त्याची सफाई दर पंधरा दिवसांनी त्यांच्या खर्चाने. डबे लिफ्टने नाही तर जिन्याने, गेटवर ठरलेल्या अर्ध्या तासात. एकच व्यावसायिक सिलिंडर, बाकीचे परत. पाण्यासाठी महिन्याला जादा रक्कम. पन्नासच्या वर डबे गेले तर भाड्याची जागा बघायची. आणि हाच कागद सगळ्यांना लागू, पितळी पाटीसुद्धा.

कुणीतरी वीजबिलाचा मुद्दा काढला, की आता व्यापारी दराने बिल येणार. त्याचे उत्तर मला माहीत होते आणि वाचक भगिनींनाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. महावितरणच्या दरपत्रकात घरातल्या एखाद्या भागात लहान व्यवसाय करणाऱ्यांना, महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आदल्या वर्षी एकूण ३६०० युनिटपर्यंत वापर असेल, तर घरगुती दरच लागतो. पुष्कळ बाया या भीतीनेच कुणाला काही सांगत नाहीत. तसेच अन्नपदार्थ विकणाऱ्याने, घरातून का होईना, अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी करायची असते. लहान व्यावसायिकांना वर्षाला शंभर रुपये फी होती तेव्हा. भाभींनी ती केलेली नव्हती. माझ्या भाच्याने पुढच्या आठवड्यात सायबर कॅफेत बसून ती करून दिली, सोबत ‘उद्यम’ची नोंदणीही, जिला काहीच पैसे लागत नाहीत. नोंदणीचा कागद हाती आला तेव्हा भाभींनी तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून निकाहनाम्याच्या फाइलीत ठेवला.

मतदान झाले. अटींच्या ठरावाला १९ आणि विरुद्ध १३. काकांनी विरुद्ध हात वर केला. घरी जाताना मात्र जिन्यात थांबून मला म्हणाले, तो सापळा कुठला बसवायचा ते मी दाखवतो, बाजारातले अर्धे कुचकामी असतात. आणि खरेच पुढच्या रविवारी बाह्या वर करून सिंकखाली वाकले.

सगळे गोड झाले असे म्हणणार नाही. व्यावसायिक सिलिंडर महाग पडतो. डब्यामागे दहा रुपये वाढवावे लागले, आणि नऊ मुलांनी डबा सोडला. जिन्याने डबे उतरवताना भाभींचे गुडघे दुखतात, म्हणून मोठी मुलगी कॉलेजला जाण्याआधी दोन फेऱ्या मारते. करसल्लागारांनी पाटी काढली नाही. आपला पेशा वेगळ्या नियमात बसतो असे त्यांचे म्हणणे आहे, आणि नियमावली वाचली तर ते बरोबरही आहे. आमची पहाटेची झोप सुधारली. मिरचीची फोडणी तशीच आहे.

वस्तीतली ती मुलगी आता आमच्या इमारतीत येत नाही, कारण ठरावात पगारी माणूस बसत नव्हता आणि त्यावर पुन्हा सभा घ्यायला कुणी तयार नव्हते. भाभी संध्याकाळी रिक्षातून तिच्या खोलीवर कांदे-लसूण पाठवतात. ती आणि तिची आई रात्री निवडून, चिरून, डब्यात भरून पहाटे गेटवर आणून देतात. महिन्याच्या पगाराऐवजी किलोवर पैसे मिळतात. मी एकदा फजरनंतर फिरायला निघाले तेव्हा ती गेटपाशी वॉचमनच्या स्टुलाजवळ डबा घेऊन उभी होती. तिची खोली दहा बाय दहाची आहे आणि रात्रभर डोळे चुरचुरतात, असे हसत म्हणाली.