ताईची खोली

आमच्या लालबागच्या चाळीत दिवसा कुणी दार आतून लावून घेतलं, की शेजारी कडी वाजवून विचारतात, "काय गं, सगळं ठीक आहे ना?" बंद दार म्हणजे एक तर भांडण, नाही तर आजारपण. ही रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच ताईच्या मागणीनं आमच्या घरात केवढा गहजब झाला असेल ते कळेल. ताईला डॉक्टर व्हायचं होतं, त्याला कुणाची हरकत नव्हती. पण तिला एकटीनं राहायचं होतं!

तिला परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. आपण सारे ज्याला नुसतं केईएम म्हणतो, त्या रुग्णालयाच्या आवारातलं हे कॉलेज. रुग्णालय १९२६ साली उघडलं, आणि तेव्हापासून लालबाग-परळच्या घराघरातलं कुणी ना कुणी तिथं जन्मलं तरी आहे किंवा मेलं तरी आहे. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. बाबांचं म्हणणं सरळ होतं. लोक लातूर-नांदेडहून पोरी पाठवतात, हिचं घर हाकेवर. मग वेगळं बिऱ्हाड कशाला? हॉस्टेलचा प्रश्न ताईनंच निकालात काढला. "बाहेरगावच्या मुलींनी जायचं कुठं? त्यांची जागा मी कशाला अडवू?" राहिले दोनच मार्ग. एक, घरीच, म्हणजे पोटमाळ्यावर माझ्याबरोबर. दुसरा, गिरगावात मुगभाटातली मामाची खोली. मामा बदलापूरला राहायला गेला, तरी पागडीची ती जागा त्यानं सोडलेली नाही. आज ना उद्या चाळ पुनर्विकासाला जाईल, या आशेवर ती कुलपात आहे. तिथं कुणी दिवा लावणारं मिळालं तर त्याला हवंच होतं.

आजीला तर 'एकटी राहणार' म्हणजे काय तेच उमजेना. आजोबा कोकणातून गिरणीत आले ते गाववाल्यांच्या गाळ्यात उतरले. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, ट्रंका भिंतीला आणि वळकट्या छताला. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर आडवी व्हायची. जेवण खानावळीत. आजीनं स्वतः काही वर्षं पाच जणांना जेवू घातलं. असल्याच खानावळवाल्या बायकांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या नावानं बांधली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, आणि कितीतरी गाळेकरी गावाला गेले ते परतलेच नाहीत. आजीचा मुद्दा एवढाच, की आजोबांना विषमज्वर झाला तेव्हा उशाशी गाळ्यातलेच लोक आळीपाळीनं बसले होते. "एकटे असते तर?"

ताई म्हणाली, "आजी, आजोबांना कुणी विचारलं होतं का, किती जणांत राहणार म्हणून?"

आजी काही बोलली नाही. पण ताईनंही पहिले तीन महिने घरीच काढायचं कबूल केलं.

ते तीन महिने मी विसरणार नाही. एका सीनिअर मुलीनं ताईला हाडांची पिशवी दिली. आता दहा बाय पंधराच्या खोलीत हाडं ठेवायची कुठं? खाटेखाली ठेवली तर आजी झोपणार नाही, फडताळात ठेवली तर वर देव. शेवटी ती माळ्यावर माझ्या पायाशी आली. आजीनं खालून विचारलं, "बाईमाणूस की बाप्या?" ताईनं कमरेचं हाड काढून दिव्याखाली धरलं. "ही खाच बघ किती रुंद आहे. बाई असणार." त्या संध्याकाळपासून आजी दिवेलागणीला माळ्याच्या शिडीकडे वळूनही हात जोडू लागली. कुणाची तरी आईच असेल ना ती!

खरी अडचण हाडांची नव्हती, दिव्याची होती. आमच्याकडे एकाचा अभ्यास म्हणजे सगळ्यांचं जागरण. बाबांना पहाटे पाचला उठायचं असतं. ताईला मोठ्यानं म्हटल्याशिवाय पाठ होत नाही. मग मी चौरसियांचं जाडजूड पुस्तक हातात धरून तिची तोंडी परीक्षा घ्यायची, तीही कुजबुजत. स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म... मनगटाची आठ हाडं मला आजही येतात. ज्ञानेश्वरीच्या पेपराला त्यांचा उपयोग झाला नाही, हा भाग वेगळा. मला विचाराल तर त्या रात्री मला फार आवडत. ताईला आवडत असतील असं मी धरून चालले होते.

त्यातच श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' माझ्या वाचनात आली, आणि एकटं राहण्याविरुद्ध मला केवढं तरी शस्त्र सापडलं. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघालेली, अठरा वर्षांची आनंदीबाई. न्यू जर्सीत कार्पेंटरबाईंच्या घरी मुलीसारखी राहिली तोवर ठीक होतं. ऑक्टोबरात ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात गेली. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर थंडी. शाकाहारी जेवण स्वतःच रांधायचं, आणि वर डॉक्टरीचा अभ्यास. ११ मार्च १८८६ रोजी एम. डी. झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. "बघ," मी ताईला म्हटलं, "एकटी राहिली."

ताई शांतपणे म्हणाली, "क्षय एकटेपणानं होत नाही, जंतूनं होतो. तो जंतू कॉखनं १८८२ साली जाहीर केला, ती निघण्याच्या आदल्याच वर्षी. उपाय सापडायला मात्र पुढे साठ वर्षं लागली." थोडं थांबून म्हणाली, "धूर आणि उपासमार यांनी शरीर खचतं, ते खरं. पण तिला रात्री परत जायला घर नव्हतं गं. मला बेस्टची बस आहे. मला फक्त दार लावून घ्यायचंय. आतून."

या वाक्यावर आई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "जाऊ दे तिला." आई लग्न होऊन या खोलीत आली तेव्हा इथं सात माणसं होती. तिनं एवढंच म्हटलं आणि पोळ्या लाटायला बसली. बाबांनी पेपर उघडला.

दिवाळीनंतर ताई मुगभाटात गेली. एकांत कसला! गिरगावची चाळसुद्धा चाळच. तिसऱ्या दिवशी समोरच्या काकू रक्ताचा रिपोर्ट घेऊन हजर, चौथ्या दिवशी तळमजल्यावरचे आजोबा गुडघा घेऊन. पहिल्या वर्षाची मुलगी, तिनं अजून रोगीही पाहिला नव्हता! तरी रात्री साडेनऊला ती दार लावी आणि कुणी कडी वाजवत नसे. मोठ्यानं वाच, येरझाऱ्या घाल, दोन वाजेपर्यंत दिवा ठेव. तिची परीक्षा चांगली गेली, हे मला सांगितलंच पाहिजे.

जानेवारीत एकदा रात्री एकला तिचा फोन आला. विच्छेदनात हाताची पाळी होती. देहदान केलेल्या माणसाविषयी कृतज्ञतेची शपथ त्यांनी पहिल्याच दिवशी घेतलेली. तोवर सारं नीट चाललं होतं. त्या हाताच्या नखांच्या टोकाला मेंदीचा रंग उरला होता. एवढंच सांगितलं तिनं. मी काही बोलणार तोच म्हणाली, "बोलू नकोस. नुसता फोन चालू ठेव."

मी फोन उशीशी ठेवला. तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. इकडे बाबांचं घोरणं आणि पहाटेच्या सुमारास दूधवाल्याच्या बरण्या तिला ऐकू गेल्या असतील. मला कधी झोप लागली ते कळलं नाही. सकाळी बॅटरी संपली होती.

आता दर शनिवारी मी चर्नी रोडला उतरते, आईचा डबा पोचवते, ठाकुरद्वारला दोघी मिसळ खातो आणि नऊच्या आत मी निघते. मामा परवा म्हणाला, "धाकटीनंही तिथंच राहावं की, खोली मोठी आहे." ताई तेव्हा डबा धूत होती, तिनं वर पाहिलं नाही. मीही विषय वाढवला नाही. हाडांची पिशवी तिनं पुढच्या मुलीला दिली. आजी अजून शिडीकडे वळून हात जोडते. पिशवी गेल्याचं आम्ही तिला सांगितलेलं नाही.