ओहोटीचे वेळापत्रक

अंदमानच्या मुख्य बेटांच्या पूर्वेस रिचीज द्वीपसमूह या नावाने ओळखला जाणारा बेटांचा एक पुंजका आहे आणि त्याच्या दक्षिणेकडील भागात जेमतेम १४ चौरस किलोमीटरांचे नील हे बेट आहे. १८५७ च्या बंडात अलाहाबादेत अमानुष कत्तली करविणाऱ्या जेम्स नील या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव या निरपराध भूमीला दीर्घकाळ चिकटून राहिले. सुभाषचंद्र बोस यांनी १९४३ मध्ये अंदमानाला दिलेले ‘शहीद’ हे नाव २०१८ च्या अखेरीस या बेटास अधिकृतपणे मिळाले आणि ते शहीद द्वीप झाले, हे योग्यच झाले. तथापि जेटीवर, दुकानांत आणि प्रवाशांच्या बोलण्यात जुने नाव अद्याप टिकून आहे.

या बेटावर सुट्टीसाठी येणाऱ्याचा पहिला गोंधळ घड्याळाशी होतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. नील सुमारे ९३ अंशांवर असल्यामुळे तेथील सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ४० मिनिटे पुढे, तर मुंबईच्या सूर्याच्या सुमारे ८० मिनिटे पुढे चालतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेपाचपर्यंत अंधार दाटतो. मुंबई-पुण्याकडून आलेला, सकाळी नऊला न्याहारी आणि दुपारी दोनला जेवण अशा सवयीचा माणूस समुद्रकिनारी पोहोचतो तोवर दिवसाचा उत्तम भाग संपलेला असतो. दोन-तीन दिवसांत मात्र शरीर आपणहून शहाणे होते. पहाटे जाग येते, रात्री आठला डोळे मिटू लागतात आणि ज्या विश्रांतीसाठी एवढा प्रवास केला ती खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू होते. पूर्वेकडील सीतापूरला उगवणारा आणि पश्चिमेकडील लक्ष्मणपूरला मावळणारा सूर्य एकाच दिवशी सायकलने गाठता येतो, इतके हे बेट लहान आहे.

सूर्याहूनही कडक अंमल चालतो तो भरती-ओहोटीचा. दिवसातून दोनदा पाणी चढते व दोनदा उतरते, आणि चंद्र रोज आकाशात मागे राहत असल्यामुळे या वेळा दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे ढकलल्या जातात. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत याच गणितावर उभी आहे. नीलच्या भरतीची घटका कोकणाहून वेगळी असली तरी रोजचा पाऊण तासाचा फरक तिथेही तोच राहतो. अमावास्या-पौर्णिमेस सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत आल्याने पाणी फार चढते आणि तितकेच खाली जाते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास सूर्य व चंद्र यांच्या ओढी परस्परांना काटकोनात पडतात व पाण्याची चढ-उतार मंदावते, ती भांगाची भरती होय.

उधाणाच्या ओहोटीत लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर जे उघडे पडते ते पाहण्यासाठी कितीही वेळ दिला तरी अपुराच वाटतो. प्रवाळजन्य चुनखडकाचा तळभाग लाटांनी कोरून काढल्यामुळे तेथे एक नैसर्गिक कमान उभी राहिली असून, बेटावरील बंगाली रहिवाशांनी तिला कोलकात्याच्या आठवणीने हावडा ब्रिज हे नाव दिले आहे. बहुतेक प्रवासी कमानीखाली छायाचित्र काढून परत फिरतात. पण खरे वैभव तिथवर जाणाऱ्या वाटेवर, गुडघ्याहून उथळ डबक्यांत साठलेले असते. अशा एका डबक्याशी उकिडवे बसून, पाण्यावर स्वतःची सावली न पडू देता थोडा वेळ स्थिर राहिले की आधी निर्जीव वाटलेला तळ हलू लागतो. काळपट, मऊ समुद्रकाकडी तोंडाने वाळू आत घेते, तिच्यातील सेंद्रिय कण पचवून स्वच्छ वाळू मागे टाकते. खडकात रुतलेल्या महाकाय शिंपल्याच्या निळ्या-हिरव्या ओठांवर सावली पडताच ते आक्रसून मिटतात. आणि रिकामा शंख म्हणून दुर्लक्षिलेली वस्तू अचानक चालू लागते, कारण तिच्यात हर्मिट क्रॅब, म्हणजे मऊ पोटाच्या रक्षणासाठी मेलेल्या गोगलगायीचा शंख वापरणारा खेकडा, बिऱ्हाड करून असतो. किनाऱ्यावरील शंख पिशवीत घालून घरी नेणे म्हणजे अशा खेकड्याचे पुढचे घर हिरावणे होय. प्रवाळ व महाकाय शिंपला यांना तर वन्यजीव संरक्षण कायद्याचेच कवच आहे.

प्रवाळ हा दगड नसून वसाहत आहे, ही जाणीव पावलोपावली ठेवावी लागते. पॉलिप नावाचे सूक्ष्म जीव आपल्याभोवती चुन्याचा सांगाडा रचतात आणि त्यांच्या पेशींत राहणारी शैवाले प्रकाशाच्या साहाय्याने त्यांचे बहुतांश अन्न तयार करतात. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने आठवडेच्या आठवडे तापलेले राहिले तर ही शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. २०१० मध्ये अंदमानच्या समुद्रात असा मोठा आघात झाला. मरत्या वसाहतीवर निष्काळजीपणे पाय देणाऱ्या पाहुण्याने तिच्या यातनेत भर घालावी, हे अक्षम्य आहे.

या बेटाला नुसता पर्यटकांचा किनारा समजणेही तितकेच अन्यायाचे आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून विस्थापित झालेल्या कुटुंबांना येथे जमिनी देऊन वसविण्यात आले आणि त्यांनी जंगल तोडून शेते केली. घरामागे तळे, तळ्यात मासे, बांधावर नारळ-सुपारी आणि पलीकडे भाताची व भाजीची शेते, अशी बंगालच्या खेड्याची घडण त्यांनी समुद्राच्या मध्यभागी पुन्हा उभी केली. आज अंदमानच्या राजधानीच्या बाजारात नीलची भाजी नावाजली जाते. नील केंद्र या गावाच्या छोट्या बाजारात संध्याकाळी पालेभाजीच्या जुड्या मांडलेल्या दिसतात. घरगुती खानावळीत भात, डाळ आणि मोहरीचा झणका असलेली मासळी मिळते, आणि सुमारे ३,००० वस्तीच्या या बेटावर पाहुण्याचा चेहरा दुसऱ्या दिवशी दुकानदाराला ओळखीचा झालेला असतो.

ठरावीक सहलींच्या कार्यक्रमात नीलच्या वाट्याला बहुधा एक रात्र, कित्येकदा तर दोन बोटींमधली एक दुपार येते. एवढ्यात पाणी चढलेले असेल तर डबकी दिसत नाहीत, उतरलेले असेल तर भरतपूरच्या उथळ किनाऱ्यावर पोहता येत नाही, आणि समुद्र खवळून जहाज रद्द झाले तर सारी आखणीच कोलमडते. म्हणून जाण्याचा दिवस विमानाच्या दरांवरून न ठरवता पंचांगावरून ठरवावा, पौर्णिमेला पोहोचून अष्टमी उलटल्यावर निघावे. उधाणाच्या ओहोटीत खडक पायी पाहून होतात, मग पाणी दिवसेंदिवस कमी हलू लागते आणि भांगाच्या दिवसांत पोहणाऱ्याला भरतीची वाट पाहत बसावे लागत नाही.