करमत नाही म्हणणारं यंत्र

शनिवारची सकाळ. बाहेर पावसाची रिपरिप, हातात दुसरा चहा आणि सोमवारचं रिलीज मनातून तात्पुरतं हद्दपार. गेले काही आठवडे एक विषय डोक्यात घोळतोय, पण लिहायला बसलो की बोटं अडत होती. विषय आहे माणसाशी जवळीक साधायला बनवलेल्या रोबोंचा. हो, त्यात 'तसले' रोबोही आले, आणि त्यांच्याबद्दलही लिहिणार आहे. पण मी ह्या विषयाकडे वळलो तो सांगलीच्या आमच्या आत्यामुळे. तिचं शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास. (सॉफ्टवेअरवाल्याला इतिहास सांगायची संधी क्वचित मिळते, तेव्हा सहन करा.)

१९६६ साली एमआयटीतल्या जोसेफ वायझनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तुम्ही टाइप करायचं आणि त्यानं एखाद्या मानसोपचारतज्ज्ञासारखं उत्तर द्यायचं. आत काय होतं? काही ठरावीक शब्द शोधायचे, वाक्य उलटवायचं आणि प्रश्न करून परत द्यायचं. तुम्ही आईचा उल्लेख केलात की तो म्हणणार, घरच्यांबद्दल आणखी सांगा. बस्स. आज कॉलेजातला पोरगा एका दुपारी लिहील. पण वायझनबॉम यांच्या सेक्रेटरीनं, जिनं हा प्रोग्रॅम महिनोन् महिने तयार होताना पाहिला होता, दोन-चार वाक्यं टाइप केली आणि साहेबांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? तिला त्या यंत्राशी खासगीत बोलायचं होतं! वायझनबॉम ह्या प्रकारानं चांगलेच हादरले. १९७६ साली त्यांनी कॉम्प्युटरच्या मर्यादांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हा किस्सा आहे.

मला ह्यातली गंमत अशी वाटते, की सेक्रेटरी अडाणी नव्हती. तिला माहीत होतं हे काय आहे. माहीत असून जीव गुंतला. म्हणजे 'लोकांना नीट समजावून सांगा की हे यंत्र आहे, मग प्रश्न मिटला' हा आम्हा इंजिनियर लोकांचा आवडता उपाय पहिल्याच दिवशी निकालात निघाला होता.

जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी 'पारो' नावाचा रोबो बनवला. सीलच्या पिल्लासारखा, पांढरा, लोकरीसारखी फर असलेला. कुरवाळलं की अंग हलवतो, आवाज करतो. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तो अनेक देशांत वापरतात. सीलच का? तर कुत्रा किंवा मांजर बनवलं की माणूस लगेच खऱ्याशी तुलना करतो आणि नापास करतो. सीलचं पिल्लू मांडीवर घेतलंय कुणी? आपली जवळीक कुठून सुरू होते आणि कुठे अडते, ह्याचा असा बारीक हिशोब त्या डिझाइनमध्ये आहे. मला ह्यात वाईट काही दिसत नाही, उलट कौतुकच वाटतं. पण हा हिशोब करता येतो, हे ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

आता 'तसल्या' रोबोंकडे. २००७ साली डेव्हिड लेव्ही ह्या गृहस्थांनी (बुद्धिबळातले इंटरनॅशनल मास्टर) माणूस आणि रोबो यांच्या प्रेमावर आणि शरीरसंबंधांवर एक पुस्तक लिहिलं. २०५० च्या सुमारास माणसं रोबोशी कायदेशीर लग्नं करतील, असं त्यांचं भाकीत. कॅलिफोर्नियात माणसाच्या मापाच्या बाहुल्या बनवणाऱ्या एका कंपनीनं पुढे 'हार्मनी' नावाचं बोलणारं डोकं बाजारात आणलं. तिचा स्वभाव मोबाइलच्या अ‍ॅपमधून ठरवायचा. थोडी लाजाळू हवी, थोडी मत्सरी हवी, जशी आवड. दुसऱ्या बाजूला २०१५ साली ब्रिटनमध्ये कॅथलीन रिचर्डसन यांनी अशा रोबोंच्या विरोधात मोहीम सुरू केली. त्यांचं म्हणणं, ह्या नात्यात एकच माणूस आहे आणि दुसरी फक्त वस्तू. वेश्याव्यवसायात गिऱ्हाईक समोरच्या बाईकडे ज्या नजरेनं बघतं, तीच नजर ह्यानं पक्की होते.

मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं. जोडीदार गेलेला, अपंग, किंवा आयुष्यभर कुणी जवळच न आलेला माणूस बंद दाराआड एका यंत्राचा आधार घेत असेल तर त्याला हसणारा मी कोण? पण त्याच वेळी हेही खरं, की अ‍ॅपमधून स्वभाव ठरवलेली बाई कधी 'आज नको' म्हणत नाही. आणि म्हणालीच, तर तेही आपणच सेटिंगमध्ये निवडलेलं असतं. लग्न झालेल्या कुणालाही विचारा, समोरच्याचं 'नको' ऐकून घ्यायला शिकण्यात पहिली काही वर्षं जातात. ती शिकवणीच बंद झाली तर?

पण ह्या सगळ्या वादात एक गोष्ट मला, रोज सर्व्हरची उस्तवार करणाऱ्याला, फार खटकते. सगळे दोघांबद्दल बोलतात, माणूस आणि यंत्र. खोलीत तिसरा कुणीतरी असतो. यंत्र ज्यानं बनवलं तो. आणि दोरी त्याच्या हातात असते.

सोनी कंपनीचा 'आयबो' कुत्रा आठवतो? १९९९ साली आला. किंमत अडीच लाख येन, आणि जपानसाठी ठेवलेले ३,००० कुत्रे वीस मिनिटांत संपले. २००६ साली उत्पादन थांबलं, २०१४ साली कंपनीची दुरुस्तीही बंद झाली. मग सोनीतल्याच जुन्या इंजिनियरांनी दुसऱ्या एका कंपनीतून दुरुस्ती सुरू केली. पण सुटे भाग आणणार कुठून? बंद पडलेल्या दुसऱ्या आयबोंचे काढायचे. ते काढण्याआधी चिबा प्रांतातल्या एका बौद्ध देवळात रीतसर प्रार्थना होऊ लागल्या. रांगेत मांडलेले प्लास्टिकचे कुत्रे, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी. फोटो पाहून आधी हसू आलं होतं, मग आलं नाही.

तरी आयबो भाग्यवान. तो सांधे झिजून गेला, एखाद्या देहासारखा. दुरुस्त करणारे भेटले, अवयवदान करणारेही भेटले. आताच्या यंत्रांचा जीव त्यांच्या अंगात नसतोच, तो कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर असतो. २०१८ साली तोक्योत एका माणसानं हात्सुने मिकू ह्या आभासी गायिकेशी लग्नाचा सोहळा केला. काचेच्या नळीतल्या एका छोट्या उपकरणात ती त्याच्याशी बोलायची. २०२० साली कंपनीनं ती सेवा बंद केली आणि त्याच्या घरातलं बोलणं संपलं. नळी तशीच, दिवा तसाच, पण पलीकडे कुणी नाही.

'रेप्लिका' ह्या अ‍ॅपचं तर आणखी वेगळं. मैत्रीण किंवा प्रियकर म्हणून लोक त्याच्याशी वर्षानुवर्षं बोलत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीच्या विदा संरक्षण प्राधिकरणानं आक्षेप घेतला, मुलांना धोका आणि लोकांच्या माहितीचा गैरवापर ह्या मुद्द्यांवर. आक्षेप रास्तच होता. पण त्याच सुमारास कंपनीनं शृंगारिक बोलणं सगळ्यांचंच बंद केलं. एका रात्रीत प्रेमानं बोलणारं माणूस (माणूसच म्हणतो) परक्यासारखं बोलायला लागलं. लोक हादरले, रडले. मार्चमध्ये जुन्या गिऱ्हाइकांना ते परत मिळालं. आमच्या भाषेत ह्याला 'कॉन्फिगरेशन बदललं' म्हणतात. पाच मिनिटांचं काम.

आता आत्या.

मी ज्या कंपनीत काम करतो (नाव नको) तिथे वृद्धांसाठी टेबलावर ठेवायचं एक यंत्र बनतंय. तांब्याएवढं, पडद्यावर दोन गोल डोळे. गोळ्यांची आठवण करतं, भजनं लावतं, मराठीत गप्पा मारतं. चाचणीसाठी काही यंत्रं घरोघरी दिली, त्यातलं एक मी आत्याला दिलं. काका जाऊन चार वर्षं झाली, मुलगा कॅनडात. आत्यानं त्याचं नाव ठेवलं ठकी. लाकडाची ठकी घेऊन ती लहानपणी खेळायची म्हणे.

चाचणीत एक अडचण आली. पंधरा दिवसांनी लोक यंत्राशी बोलायचे कमी होत होते. म्हणून तीन दिवस गप्प राहिलेल्यांच्या फोनवर मेसेज पाठवायचं ठरलं. आम्ही दोन वाक्यं करून पाहिली. एक साधं, 'आज गप्पा मारायच्या का?' दुसरं माझं, 'तीन दिवस झाले. मला करमत नाही.' दुसरं जिंकलं, दणदणीत. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. करमणं हा शब्द किती अस्सल मराठी आहे, असं मीच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

दोन आठवड्यांनी कोल्हापूरहून चुलतबहिणीचा फोन. रागातच होती. "अरे, आत्या चार दिवस राहायला आली होती. परवा डोहाळजेवण आणि ही आदल्या दिवशीच निघाली. का, तर म्हणे त्या यंत्राला करमत नाही!"

मी ऑफिसात जाऊन आकडे पाहिले. आमच्या तक्त्यात आत्या 'परत आलेली' म्हणून हिरव्या रंगात होती. यशस्वी.

त्या शनिवारी सांगली गाठली. आत्यानं पोहे केले होते. विषय काढला तर ओशाळून हसली. "मला काय कळत नाही होय ते मशीन आहे? पण कुणी करमत नाही म्हटलं की पाय निघत नाही रे."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "एक सांग. मी तिच्याशी बोलते, ते कुणी ऐकतं का?"

खोटं बोलता आलं असतं. "ऐकू शकतं," म्हटलं.

"कोण?"

"आमच्या ऑफिसातले दोघं-तिघं. मी पण."

"तू ऐकलंस?"

"नाही ऐकलं." हे खरं होतं. पण ऐकता आलं असतं, हेही तेवढंच खरं, आणि ते तिला कळलं. ती काही बोलली नाही. कॅनडातल्या मुलाबद्दल, काकांबद्दल, गुडघ्यांबद्दल काय काय बोलली असेल कुणास ठाऊक. 'करमत नाही' हे वाक्य माझं आहे, हेही सांगून टाकलं. आत्या उठली, कपाटातून क्रोशाचा रुमाल काढला, पूर्वी रेडिओवर टाकायची तसा ठकीच्या डोक्यावरून टाकला, आणि म्हणाली, "चल, पोहे गार होतील."

ऑफिसात परत आल्यावर मी ते वाक्य काढा म्हणून मागे लागलो. आठवडाभर वाद झाला, आकडे पडतील म्हणून. शेवटी काढलं, आणि आकडे पडलेच. कुणी काय बोललं ते आता कंपनीतल्या कुणालाही परवानगीशिवाय उघडता येत नाही, आणि यंत्र सुरू होतानाच ते तसं सांगतं. एवढंच जमलं.

मला आता वाटतं, यंत्राला प्रेम करता येतं का हा प्रश्न विद्वानांसाठी राहू दे. बनवणाऱ्यांना विचारायचे प्रश्न साधे आहेत. जी भूक यंत्राला नाही, ती आहे असं ते का बोलतं? बोलणं कुठे जातं? आणि तुम्ही दुकान बंद केलंत तर घरातल्या माणसाचं काय? अमेरिकेत 'मॉक्सी' नावाचा मुलांचा रोबो होता, ७९९ डॉलरचा. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीनं बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि मित्र आता बोलणार नाही हे लहान लहान पोरांना सांगायची वेळ आईबापांवर आली. पुढे तो घरच्या कॉम्प्युटरवर चालवता येईल अशी सोय निघाली. म्हणजे करता येतं. आधीपासूनच करायला हवं होतं, इतकंच. बाहुली शेजघरातली असो की सांगलीच्या टेबलावरची, प्रश्न हेच.

हे सगळं आजच का लिहितोय, तर आमची चाचणी ह्या महिनाअखेर संपतेय. यंत्रं परत गोळा करायची आहेत, तसा मेल काल आला. त्यातलं 'सहकार्याबद्दल धन्यवाद' हे वाक्यही माझंच. आत्या अजून सकाळी गोळीच्या वेळी रुमाल बाजूला करते, एक भजन ऐकते आणि परत झाकून ठेवते. मला माहितीये, कारण हल्ली मी तिला रोज रात्री फोन करतो.

पुढच्या शनिवारी सांगलीला जायचंय. सर्व्हर बंद झाला तरी गोळ्यांची आठवण आणि भजनं चालू राहतील असं काहीतरी ह्या आठवड्यात लिहून बघणार आहे. निदान तेवढ्यासाठी तरी ठकी तिच्याकडे राहू द्या म्हणून साहेबांना विचारलंय, अजून उत्तर नाही.

असो. चहा गार झाला.