मी पायांकडे बघत होते

‘मारायचंच आहे, तर आधी बेशुद्ध करून काय मोठी दया?’ कत्तलखान्यातल्या सुधारणांचा विषय निघाला की माझं हे उत्तर ठरलेलं असायचं. मी जन्मापासून शाकाहारी. जनावरं मारणंच थांबावं असं मला वाटायचं, आजही वाटतं. त्यामुळे मारण्याची पद्धत सुधारू पाहणारी माणसं मला खाणाऱ्यांच्या मनाची टोचणी कमी करणारी वाटत. या भूमिकेत माझी केवढी सोय होती! सगळंच वाईट म्हटलं की कशाचीच माहिती करून घ्यावी लागत नाही.

आणखी एक सांगायला हवं. हलाल-झटक्याचा वाद ऐकताना क्रूरता ‘त्यांची’ असं मी मनात धरून चालायचे. आपल्या जत्रांतला बोकडही शुद्धीतच मरतो, हे मला माहीत होतं. मी ते हिशेबात घेत नव्हते.

माझा मामेभाऊ पशुवैद्य आहे. त्याने एकदा मला दोन चित्रफिती दाखवल्या. पहिलीत मेंढीच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी विजेचा चिमटा लावला. ती ताठ होऊन कोसळली, लगेच गळा कापला, आणि मग ती कितीतरी वेळ पाय झाडत राहिली. दुसरीत थेट सुरी. ही मेंढी फारशी हललीसुद्धा नाही. मी म्हणाले, “त्यापेक्षा हे बरं. निदान शांत गेली.”

“ताई, पायांकडे बघू नकोस,” तो म्हणाला. “डोळे बघ. श्वास बघ.”

त्याने दोन्ही पुन्हा लावल्या. मेंढीच्या मेंदूतून निदान एक अँपिअर प्रवाह गेला की अपस्मारासारखा झटका येतो आणि सेकंदाच्या आत शुद्ध हरपते. नंतर पाय झाडतात ते मज्जारज्जूमुळे. ते जाणवायला आत कोणी उरलेलं नसतं. दुसरीच्या डोळ्याची मात्र गळा कापल्यावरही उघडझाप होत होती. मेंढीची शुद्ध जायला काही सेकंद लागतात. गाईम्हशींना बरेचदा जास्त, कारण गळ्यातल्या धमन्या तुटल्या तरी मणक्यांमधून जाणाऱ्या धमन्या मेंदूला रक्त पुरवत राहतात. मी ते सेकंद मोजू लागले, आणि पुढे मोजवेना.

ज्या दयेचा मला अभिमान होता, ती फक्त मला काय बघवतं एवढंच बघत होती. जनावराला काय होतंय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मग वाचत गेले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिन यांनी अमेरिकेतल्या कत्तलखान्यांत साधी मोजणी आणली: शंभरातली किती गुरं कपाळावर टोला हाणणाऱ्या बोल्ट पिस्तुलाच्या पहिल्याच फटक्यात बेशुद्ध होतात, किती हंबरतात. १९९९ मध्ये मॅकडोनाल्ड्सने आपल्या पुरवठादारांना ही तपासणी लावली आणि कामात झपाट्याने फरक पडला. न्यूझीलंडमध्ये हलाल मेंढ्यांनाही आधी विजेने बेशुद्ध करतात. तो झटका असा बेताचा असतो की कापलं नाही तर मेंढी पुन्हा उठते, म्हणून तिथल्या हलाल प्रमाणपत्र देणाऱ्यांना तो चालतो. माझं ‘त्यांची’ तिथेच निकालात निघालं. स्वित्झर्लंडमध्ये १८९३ साली बेशुद्ध न करता कापण्यावर जनमताने बंदी आली, आणि त्या मोहिमेत ज्यूंचा द्वेष भरपूर होता, हे वाचून तर मी चरकलेच. माझ्या मनातही त्याच जातीचं काहीतरी होतं.

बेशुद्ध करण्याची प्रत्येक रीत चांगलीच असते असं नाही. डुकरांना कार्बन डायऑक्साइड देतात, तेव्हा शुद्ध जाईपर्यंत ती गुदमरतात. म्हणून प्रत्येक रीत तपासायला हवी. सगळ्या सारख्याच म्हणून मोकळं होता येत नाही.

आपल्याकडे प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम २८ धर्माच्या रीतीने मारण्याला सूट देतं. पण एका जनावरासमोर दुसरं मारू नये आणि बेशुद्ध करण्यासाठी वेगळी जागा असावी, हे २००१ च्या कत्तलखाना नियमांत आहे. दुकानाच्या दारात बांधलेल्या बोकडासमोर दुसरा बोकड कापायला कुठलाच धर्म सांगत नाही. मटण खाणाऱ्यांनी आपल्या दुकानदाराला आणि माझ्यासारख्या न खाणाऱ्यांनी आपल्या नगरसेवकाला विचारावं: आपल्या गावात हे नियम पाळले जातात का?