भामरागडची गुलाबी हवा

चांगल्या हवेची आम्हां शहरी मंडळींची व्याख्या सोपी असते : घाम येऊ नये आणि फार गारठाही वाजू नये. गडचिरोलीच्या दक्षिण भागात भामरागड आहे. तिथे मी पहिल्यांदा गेलो तो भर मे महिन्यात. चंद्रपुरात पारा 45 च्या वर. आलापल्लीचे सागवान निष्पर्ण झालेले. डोक्याला ओला पंचा गुंडाळून चार दिवस कसेबसे काढले. डास मात्र औषधालाही दिसला नाही. रात्री खुशाल अंगणात बाज टाकून झोपलो.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तो थेट नंदनवनातच! पहाटे दव, दुपारी कोवळे ऊन, पिवळे पडू लागलेले धान आणि पर्लकोटा, पामुलगौतम, इंद्रावती यांचा निवळलेला संगम. सांजवेळी मी बाज बाहेर ओढू लागलो, तर यजमान गुरुजींनी ती परत आत नेली.

"पाहुणे, ही हवा तुम्हांला मानवते ना? डासांनाही तीच मानवते."

मलेरिया या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ 'वाईट हवा'. 1897 साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले आणि हवेवरचा आळ गेला. पण ती अगदीच निर्दोष सुटली असे नाही. डासाच्या पोटात गेलेला जंतू तयार व्हायला 25-28 अंशांच्या उबेत दहा-बारा दिवस लागतात. 16-18 अंशांखाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. तितके दिवस डासही जगला पाहिजे! मेच्या कोरड्या भट्टीत तो आधीच मरतो. श्रावणातल्या मुसळधार पावसात अळ्या वाहून जातात. मात्र पाऊस ओसरला, की ओढे संथ होतात, नदीच्या खडकांत डबकी साचतात, हवा दमट आणि उबदार राहते. म्हणजे अगदी आमच्या सुट्टीचे दिवस.

आम्ही पाहुणे चार दिवसांचे. गावकऱ्यांना त्याच दिवसांत रानडुकरांपासून धान राखायला रात्री शेतावर निजावे लागते. औषध लावलेली मच्छरदाणी सरकारकडून मिळते, पण ती माचाणावर बांधायची कुठे आणि कशाला?

तिसऱ्या दिवशी गुरुजींच्या धाकटीला हुडहुडी भरली. आशाताईंनी तिचे बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी रेघ उमटली. करंजीचा तुकडा भरवून आईने तिला पहिली गोळी दिली. तीन दिवसांच्या गोळ्या एकही न चुकवता घ्यायच्या होत्या.

निघताना गुरुजी यष्टीपर्यंत आले. म्हणाले, "घरी गेल्यावर दोन-चार आठवड्यांत ताप आला, तर प्रवासाचा शीण म्हणून अंगावर काढू नका. आणि डॉक्टरांना आधी सांगा, भामरागडला जाऊन आलोय म्हणून. तुमच्या शहरात त्यांच्या ते मनातही येणार नाही."