कॉफीची साठवण

म्हापशाला आमच्या शेजारी राहणाऱ्या आँटींकडून दर नाताळला एक ताट येतं. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल आणि कडेला हातभर कापडात गुंडाळलेली एक लहानशी बाटली. बूच काढलं की आधी कॉफीचा वास येतो, मग व्हॅनिलाचा आणि रमचा सगळ्यात शेवटी. ही त्यांची घरची कॉफी लिकर.

माझं माहेर कराडजवळचं. घरात दारूचं नावही निघत नसे, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला ती बाटली मी कपाटात मागे सारून ठेवली. दुसऱ्या वर्षी जेवणं आटोपल्यावर आँटींनी स्वतःच बोटभर उंचीच्या पेल्यात थोडी ओतून हातात दिली. पहिल्या घोटाला मला आठवला तो गळिताचा हंगाम. कारखाना सुरू झाला की गावावर पसरणारा मळीचा गोड, आंबूस वास. आपल्याकडची रम त्या मळीचीच होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चव मात्र ओळखीची वाटली आणि पुढच्या वर्षी स्वतः करून बघायचं मी ठरवलं.

पहिला प्रयत्न फसला. दुकानातून फिल्टर कॉफीची तयार पूड आणली आणि रमच्या बाटलीत घालून तीन आठवडे ठेवली. जितकी जास्त मुरेल तितकी चांगली, असा लोणच्याचा हिशेब माझ्या डोक्यात होता. गाळायला घेतली तर फडक्यातून थेंब उतरेना. जे उतरलं ते गढूळ होतं आणि जिभेला इतकं तुरट लागलं की वाटीभर साखर घालूनही सुधारलं नाही. आँटींनी वास घेतला, पाकीट मागवून घेतलं आणि त्यावरचा बारीक मजकूर मला वाचायला लावला. पुडीत तीस टक्के चिकोरी होती. शिवाय पूड पिठासारखी दळलेली. त्या एवढंच म्हणाल्या, “बाये, आधी कॉफी बघ.”

त्या स्वतः इन्स्टंट कॉफी साखरेच्या पाकात उकळून करत आल्या होत्या. त्यांच्या तरुणपणी चांगलं बी मिळणं अवघड होतं. पण कॉफीपासून सुरुवात करायची, हे त्यांचं सांगणं मी धरून ठेवलं. पुढच्या डिसेंबरात चिकमगळूरला एका ओळखीच्या मळ्यावर चार दिवस राहिले. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून याच डोंगरात लावल्या, असं तिथले लोक सांगतात. सावलीच्या उंच झाडांखाली अरेबिकाची तोडणी चालू होती. एक लाल फळ सोलून मी तोंडात धरलं. गर पातळ आणि गोड, आत दोन बिया, बुळबुळीत सालीत. या बियांना कॉफीचा वास अजिबात नसतो. गर काढायचा, चिकटा आंबवून धुऊन टाकायचा, खळ्यावर वाळवायचं, टरफल काढायचं आणि मग भाजायचं. वास भट्टीत जन्माला येतो आणि भाजल्यानंतर महिन्या-दीड महिन्यात उतरायला लागतो.

तिथे मला या लिकरचा अर्थ लागला. आपण कैरीचा मुरांबा घालतो, आवळा पाकात ठेवतो, तसाच हा प्रकार आहे. जे टिकत नाही ते साखरेत आणि मद्यात धरून ठेवायचं. म्हणून ऊस आणि कॉफी जिथे जवळजवळ पिकतात, त्या मुलुखात ही लिकर रुजली. काहलुआ ही कॉफी लिकर 1936 सालची, मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझची. तिथे डोंगरउतारावर कॉफी आणि खाली सपाटीला ऊस. टिया मारिया मूळची जमैकाची, तिथेही रम आणि कॉफी दोन्ही घरची. आपल्याकडे कर्नाटकात चिकमगळूरची कॉफी आणि मंड्याचा ऊस यांच्यात काही तासांचंच अंतर आहे.

आता माझी रीत सांगते. अनेक वर्षांत ती ठरून गेली आहे.

मध्यम भाजलेलं अरेबिका बी, चिकोरीविना, 150 ग्रॅम घ्यायचं. फार काळं भाजलेलं नको, त्याचा कडूपणा साखरेतही लपत नाही. जाड्या रव्याएवढं भरड दळायचं आणि काचेच्या बरणीत 800 मिलिलिटर गार पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये सोळा तास ठेवायचं. गरम पाण्यात कॉफी लवकर उतरते, पण तिच्याबरोबर कडूपणाही उतरतो. गार पाणी सावकाश काम करतं आणि कॉफीचा गोडवा शाबूत ठेवतं. दुसऱ्या दिवशी मलमलीतून गाळायचं आणि मग फिल्टर पेपरमधून पुन्हा एकदा. 800 घातलं तरी हाती 500च्या आसपास येतं, बाकीचं चोथा पिऊन बसतो. फडकं पिळायचा मोह आवरायचा. पिळलं की गाळ येतो आणि पहिल्या वर्षीची तुरट चव परत येते.

पाकासाठी 200 ग्रॅम साखर आणि 150 ग्रॅम माडाचा काळा गूळ, 150 मिलिलिटर पाण्यात. तार येऊ द्यायची नाही, विरघळलं की गॅस बंद. गुळात काडीकचरा असतो, म्हणून पाकही गाळायचा आणि पूर्ण निवू द्यायचा. माडाच्या गुळाला किंचित खारट चव असते आणि कॉफीला ती फार शोभते. मग 750 मिलिलिटरची रमची एक बाटली, गार झालेला पाक आणि कॉफी एकत्र करायची. व्हॅनिलाची एक शेंग उभी चिरून आत सोडायची आणि बाटल्या अंधारात ठेवायच्या.

आपल्याकडची रम 42.8 टक्क्यांची असते. सगळं मिळून साधारण 1600 मिलिलिटर होतं, कारण विरघळलेली साखरही जागा घेते. म्हणजे तयार लिकर 20 टक्क्यांच्या आसपास येते. युरोपच्या नियमात लिकर म्हणवून घ्यायला किमान 15 टक्के मद्य आणि लिटरमागे किमान 100 ग्रॅम साखर लागते. आपली साखर त्याच्या दुपटीवर जाते, म्हणून पेल्याच्या कडेला ती जाडसर ओघळते. एकदा रमऐवजी काजूची फेणीही वापरून पाहिली. तिचा स्वतःचा वास इतका दांडगा की कॉफी दबून गेली. फेणी फेणी म्हणूनच प्यावी.

पहिले तीन दिवस रम आणि कॉफी जिभेवर वेगवेगळ्या लागतात. आठवड्याने जवळ येतात, दोन आठवड्यांनी एक होतात. तेव्हा व्हॅनिलाची शेंग काढून टाकायची. तळाशी बसलेला गाळ न हलवता वरची लिकर अलगद दुसऱ्या बाटलीत काढून घ्यायची. दारू गाळणं परवानेवाल्यांचं काम, आपण विकत आणलेल्या रममध्ये कॉफी मुरवतो इतकंच. ती घरच्यासाठी असते, विकायला नसते.

प्यायची कशी? बर्फाच्या एका मोठ्या खड्यावर 30 मिलिलिटर, जेवणानंतर, सावकाश. व्होडकात मिसळली की ब्लॅक रशियन हे कॉकटेल होतं. 1949 साली ब्रसेल्सच्या एका हॉटेलात गुस्ताव्ह टॉप्स यांनी ते प्रथम केलं. वर साय तरंगवली की व्हाइट रशियन. लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल यांनी 1980च्या दशकात केलेल्या एस्प्रेसो मार्टिनीत ताजी एस्प्रेसोही पडते. पण माझ्या घरी सगळ्यांना आवडते ती व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन चमचे, शेजारी बेबिंकाची गरम चकती ठेवून. मुलांच्या वाट्या अर्थातच वेगळ्या, बिनलिकरच्या. एक मात्र ध्यानात ठेवायला हवं. कॉफीने झोप उडते, त्यामुळे मद्य किती चढलं ते चटकन कळत नाही. दोन लहान पेल्यांच्या पुढे मी जात नाही आणि त्या रात्री गाडीला हात लावत नाही.

गेल्या नाताळला ताट माझ्याकडून आँटींकडे गेलं. आता त्यांचे हात थरथरतात, जड भांडी उचलवत नाहीत. त्यांनी घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला आणि म्हणाल्या, “कॉफी लागली.” यापेक्षा मोठी पावती मला नको होती.

तुम्हाला या नाताळसाठी करायची असेल तर नोव्हेंबर संपायच्या आत कॉफी भिजत घाला. रम साधी चालेल, साखर घरातली चालेल, पण पैसे बियांवर खर्च करा आणि पाकिटावर भाजल्याची तारीख बघून घ्या. बाटलीवर चिठ्ठी लावून तुमचीही तारीख लिहा. लिकर नासत नाही, पण सहा महिन्यांनंतर कॉफीचा वास विरतो. त्याच्या आत ती संपवा आणि एक बाटली शेजारी द्या.