अंडरटेकर, मामा आणि मी

सोमवारी कँटीनमध्ये हमखास कुणीतरी विचारतं, 'मग, वीकएण्डला काय केलंस?' बाकीचे ट्रेक, पिक्चर, सासरवाडी असं काहीबाही सांगतात. मी सांगतो, 'रेसलिंग बघितलं.' दोन सेकंद शांतता. टीम लीडच्या चेहऱ्यावर 'ह्याचा इंटरव्ह्यू कुणी घेतला होता?' असा भाव. आणि मग तो ठरलेला प्रश्न... 'अरे, पण ते सगळं खोटं असतं ना?'

असतं की! नवीन काय सांगताय? १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यापुढे कंपनीनंच कबूल करून टाकलंय, की ही काही खरी स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. (क्रीडा खात्याची फी आणि कटकट वाचवायला, अर्थात. उगाच खरं कोण बोलतं?) तुम्ही नाटकाला जाता तेव्हा शेजारच्या काकूंना सांगता का, 'अहो, तो खरा मेलेला नाहीये'? मग मलाच का सांगता?

पण खरं सांगायचं तर हा प्रश्न मीही एकदा विचारलेला आहे. नको त्या माणसाला, नको त्या दिवशी.

मी सातारचा. वडील बँकेत, आई शाळेत आणि मी गल्लीतला 'डब्ल्यूडब्ल्यूएफ एक्स्पर्ट'. ती ट्रम्प कार्डं आठवतात? हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, फाइट्स फॉट, फाइट्स वन. योकोझुना हातात आला की डोळे मिटून 'वेट' म्हणायचं, जायंट गोन्झालेस आला की 'हाइट'. माझं अर्ध गणित तिथंच झालं. अंडरटेकर तर आमचं दैवतच. तो सात वेळा मेलाय आणि सात वेळा परत आलाय, ही बातमी आमच्या वर्गात पेपरातल्या बातमीपेक्षा पक्की होती. १९९६ साली 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये अक्षयकुमारनं अंडरटेकरला खांद्यावर उचललं, तेव्हा आम्ही आठवडाभर सुतकात होतो. तो अंडरटेकर नव्हताच, ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता, हे कळायला घरात इंटरनेट यावं लागलं. म्हणजे खोट्या कुस्तीतला खोटा माणूस! दुःख मात्र अस्सल होतं.

सुट्टी लागली की मी आजोळी. आजोळ सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, चहूबाजूंनी ऊस. आणि माझे सख्खे मामा पैलवान. फुटलेले कान, दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी घासतील असे खांदे. तालमीतल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं काय काय घालतात. तो वास मामांच्या अंगाला कायम असायचा. अजूनही कुठे कापूर जाळला की मला देवाच्या आधी मामा आठवतात.

मी त्यांना कार्डं दाखवली होती. त्यांनी हल्क होगनकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, 'खातंय काय ह्ये?'

त्यांनीच मला कुंडलला नेलं. कुंडलचं मैदान बघितलं नसेल तर एकदा बघाच, बॉस. डोंगराच्या उतारावर माणसंच माणसं बसलेली, खाली मध्ये तांबडी माती. ना तिकिटाची रांग, ना खुर्ची. उन्हात टोप्या, फेटे, उपरणी आणि कडेला भेळेच्या गाड्या. आणि हलगी! हलगी कडाडायला लागली की घरात लोळणाऱ्या माणसालाही वाटतं, आपणही कुणाला तरी उचलून टाकावं.

तिथं बसल्या बसल्या एक गोष्ट माझ्या डोक्यात आली, ती मी आजही कँटीनमध्ये तावातावानं मांडतो. टीव्हीवर जे जे असतं, ते ते सगळं इथं आहेच. अंडरटेकर घंटेच्या टोल्यावर, निळ्या उजेडात सावकाश चालत येतो. आमचा पैलवान हलगीच्या ठेक्यावर मैदानाला फेरी मारतो, माती कपाळाला लावतो, शड्डू ठोकतो. तिकडे माइकवर जिम रॉस ओरडायचा. इकडे शंकर पुजारींसारखे निवेदक गाव, वस्ताद, तालीम, वडील अशी सगळी कुंडली मांडतात. तिकडे प्रत्येकाला एक कॅरॅक्टर लागतं : कुणी मढी पुरणारा, कुणी बीअर ढोसणारा, कुणी सुमो. इकडे गाव हेच कॅरॅक्टर. गोळेश्वर म्हटलं की खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, ब्रॉंझ. कवठेपिरान म्हटलं की मारुती माने, शिराळ्याकडचं पुनवत म्हटलं की गणपतराव आंदळकर. आपल्या सांगलीच्या या दोघांनीही १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवलं. निवेदकानं ही नावं घेतली की डोंगरावरनं जी आरोळी उठते, ती मी पुढे कुठेच ऐकली नाही.

फरक एकच. इथं पब्लिकला निकाली कुस्ती लागते. एकाची पाठ मातीला लागलीच पाहिजे. आणि ती लागत नाही असं दिसलं, की एक शब्द फिरायला लागतो... नुरा! म्हणजे आधीच हातमिळवणी करून लढलेली कुस्ती. राजकारणावरच्या अग्रलेखांत तुम्ही हा शब्द वाचला असेल. पैलवानाला यापेक्षा मोठी शिवी नाही.

१९९९ ची गोष्ट. चैत्रातली जत्रा, गावाचं नाव लिहीत नाही. मामांची जोड कोल्हापूरच्या एका पैलवानाशी लागली होती. मी पुढच्या रांगेत, शेजारी मामेभाऊ आणि त्याचे मित्र. त्या सगळ्यांना मी आठवडाभर सांगितलेलं, मामा 'टूम्बस्टोन' मारणार.

सलामी झाली, खडाखडी झाली. मग दोघं मानेला हात घालून उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोल्हापूरचा पैलवान डावीकडे फिरायचा, उजवीकडे फिरायचा, रेटायचा, परत मानेवर. एकदाही पटात घुसला नाही. मामाही नाहीत. आधी शिट्ट्या झाल्या. मग कुणीतरी ओरडलं, 'आरं, लगीन लावायला आलाय का!' मग मागून तो शब्द आला. आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून. नुरा! नुरा! एक ढेकूळ मामांच्या पाठीवर येऊन फुटलं. पंचांनी दोनदा तंबी दिली आणि विसाव्या मिनिटाला कुस्ती सोडवली. बरोबरीत. कमिटीनं निम्मंच इनाम दिलं.

परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मी मामांच्या समोर बसलेलो. मामेभावाचे मित्र माझ्याकडे बघून हसत होते. मी विचारलं, 'मामा, खोटी होती का?'

मामांनी उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर हातपाय धुतले आणि न जेवता झोपले. मामीनं मला एक धपाटा घातला. का, ते मला कळलं नाही.

त्याच सुट्टीत, मे महिन्यात, ओवेन हार्ट गेला. कॅन्सस सिटीत छतावरून दोरीनं रिंगमध्ये उतरायची स्टंटबाज एंट्री होती, आणि तो वरून पडला. सातारला परतल्यावर आम्ही पोरं आठ दिवस भांडलो, खरंच मेलाय की स्टोरी आहे. मी पैज लावली होती, स्टोरी आहे म्हणून. परत येईल बघा. तो परत आला नाही. पुढच्या हंगामात मामाही मैदानात उतरले नाहीत. ऊस, दोन म्हशी आणि गावातल्या पोरांना सकाळचे जोर मारायला लावणं, बस.

मग काय, इंजिनिअरिंग, पुणे, हिंजवडी, ईएमआय. तुमचीच स्टोरी. २००७ साली खली वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा ऑफिसमध्ये पेढे वाटायचे बाकी होते. त्याच वर्षी आणि पुढच्याही वर्षी सांगली जिल्ह्यातला चंद्रहार पाटील महाराष्ट्र केसरी झाला, हे मी सांगितलं तर सगळे म्हणाले, 'कोण?' असो.

मी मात्र दोन्ही बघत राहिलो. २०२२ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र केसरी साताऱ्यात झाली, तेव्हा रजा टाकून घरी गेलो. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला ५-४ नं हरवलं. मॅटवरची कुस्ती, गुणांची, तिथं नुरा म्हणायला फारशी जागा नाही. माझ्या शेजारचे आजोबा तरी अर्धा वेळ बोर्डाकडेच बघत होते आणि 'माती पायजे' म्हणत होते. पुढच्या मार्चमध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी चांदीची गदा घेऊन गेली. ते बघायला मामीही आली होती. जन्मात पहिल्यांदा कुस्ती बघायला. येताना गाडीत एवढंच म्हणाली, 'पोरीच्या पायात जोर हाय.'

आणि २०२३ च्या सप्टेंबरात हैदराबाद. गच्चीबावलीच्या स्टेडियममध्ये साक्षात जॉन सीना! तिकीट किती रुपयांचं होतं ते बायको हे वाचत असल्यामुळे लिहीत नाही. सीना आणि सेथ रोलिन्स एका बाजूला, समोर कायझर आणि विंची. कोण जिंकणार हे विमानतळावरच्या रिक्षावाल्यालाही माहीत असावं. तरी माझ्यासारखे चाळिशीकडे झुकलेले, पोट सुटलेले सगळे गळा फाटेस्तोवर ओरडत होते. व्हिलननं मागून हल्ला केला की अख्खं स्टेडियम खवळायचं. माझ्या पुढचा सहा-सात वर्षांचा पोरगा सीना खाली पडल्यावर खरंच रडायला लागला, आणि त्याचा बाप त्याला समजावेना, कारण तो स्वतःच उभा राहून शिव्या देत होता. इथं कुणी नुरा म्हणत नाही. नुरा आहे म्हणूनच तर तिकीट काढलेलं असतं. मला फार मजा आली. आणि परत येताना, का कोण जाणे, ते ढेकूळ आठवत राहिलं.

त्या हिवाळ्यात मामांच्या मुलीचं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत माझ्याशेजारी एक पांढरे कपडे घातलेले, सुटलेले गृहस्थ येऊन बसले. कान फुटलेले. ओळख निघाली... कोल्हापूरचे पैलवान! मी जरा चाचरतच म्हणालो, ती कुस्ती मी बघितली होती.

जिलेबी मोडत ते म्हणाले, 'पाव्हणं, तुमच्या मामाचा डावा गुडघा आदल्या आठवड्यातच गेलता. तालमीत. कुणाला बोलला न्हाई.'

'मग तुम्हाला कसं कळलं?'

'खडाखडीत कळतंय की. पायावर वजन देईना झाला की कळतंय. पटात गेलो असतो तर दोन मिन्टात कुस्ती व्हती. पर कुस्ती गेली असती आन् पायबी गेला असता.'

'आधी ठरलं होतं?'

'ठरतंय कुठं? मी त्याला वळखतबी नव्हतो.' मग थोडं थांबून, 'आमच्या वस्तादांनी लई शिव्या घातल्या. त्या गावानं मला परत बोलावलं न्हाई. मठ्ठा घ्या की.'

मामीला विचारलं तेव्हा उरलेलं कळलं. दुधाची आणि बदामाची, म्हणजे खुराकाची उधारी थकली होती. म्हणून मामा तशा गुडघ्यावर उतरले. निम्मं इनाम त्यातच गेलं.

तेव्हापासून कँटीनमधल्या त्या प्रश्नाला माझं उत्तर जरा लांबतं. रिंगमध्ये शिकवायची पहिली गोष्ट म्हणजे समोरच्याला लागू न देणं. तुम्ही त्याला डोक्यावर घेता तेव्हा त्याची मान तुमच्या हातात असते. मग कोल्हापूरच्या पैलवानानं त्या दिवशी केलं ते काय होतं? पण मग त्या डोंगराएवढ्या पब्लिकचं काय? ऊसतोड, दुष्काळ, कारखान्याचं अडकलेलं बिल, ह्या सगळ्यातून वर्गणी काढून लोक निकाली कुस्ती बघायला आले होते. त्यांना वीस मिनिटं दोन माणसं एकमेकांना धरून उभी राहिलेली दिसली. ते ढेकूळ ज्यानं मारलं त्याच्यावर मला राग धरायचाय, पण धरता येत नाही. मीही त्याच्याच बाजूचा होतो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मंडपवाले बांबू काढत होते. मामा सोप्यात खुर्चीवर, डावा पाय समोरच्या स्टुलावर. मी जाऊन बसलो. म्हटलं, 'मामा, त्या जत्रेहून येताना मी तुम्हाला विचारलं होतं...'

'कवा?'

'नव्व्याण्णव साली. ट्रॉलीत.'

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या हातातल्या फोनकडे बोट केलं. 'तुझा तो काळ्या कोटवाला हाय का त्यात? लाव.'

मी अंडरटेकरची एक जुनी मॅच लावली. मामांनी चष्मा चढवला. टूम्बस्टोन आला : समोरचा उलटा, डोकं खाली, आणि अंडरटेकर धाडकन गुडघ्यांवर. मामा म्हणाले, 'थांब. मागं घे.'

मी मागे घेतलं.

'डोस्कं बघ. मांडीच्या वर धरलंय त्यानं. गुडघं टेकत्यात त्याचंच, समद्या वजनासकट. त्या खालच्याला काय बी न्हाई.' त्यांनी नकळत स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. 'ह्ये रोज करतोय?'

'तीस वर्षं केलं, मामा. आता रिटायर झाला. २०२० ला.'

'गुडघं गेलं असतील.'

'गेले.'

मामांनी फोन स्वतःच्या हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला.

'परत लाव,' ते म्हणाले.